डॉ. जेन्नरचं घर, बर्कली: आईच्या दंडावरच्या दोन वणांचं माहेर

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार का कापला ते शेवटी सांगते, घराचा त्यात काही दोष नाही.

तर आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ब्रिस्टलला आलीये. लंडन झालं, बाथ झालं, स्टोनहेंज पण झालं (तिचं मत: "एवढ्या लांब येऊन धोंडेच बघायचे होते तर आपला डोंगर काय वाईट होता") आणि मग एका रविवारी कुठं जायचं हा प्रश्न आला. मी म्हटलं चल, तुला माझ्या धंद्याच्या मूळ पुरुषाच्या घरी नेते. मी इम्युनॉलॉजीत काम करते, म्हणजे शरीर रोगाशी कसं लढतं आणि लढल्यावर ते लक्षात कसं ठेवतं याच्यावर, पुण्यात पीएचडी केली आणि आता इथं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची ठराविक मुदतीची संशोधनाची नोकरी, तिसरं कॉन्ट्रॅक्ट चालू आहे. आई मात्र गावाकडं सगळ्यांना "ती उंदरांना इंजेक्शनं देते" एवढंच सांगते, आणि खरं सांगायचं तर आठवड्यातले दोन दिवस ते अगदी बरोबर असतं.

बर्कली हे ग्लॉस्टरशरमधलं छोटंसं गाव आहे, सेव्हर्न नदीच्या जवळ, ब्रिस्टलहून गाडीने निघालात तर तासाच्या आत पोचता. गावात रेल्वे स्टेशन नाही, त्यामुळे गाडी असेल तर बरं. एडवर्ड जेन्नरचा जन्म इथलाच, १७४९ चा, वडील इथल्याच चर्चचे पाद्री. हे घर, ज्याला 'द चँट्री' म्हणतात, ते त्याने १७८५ मध्ये घेतलं. आता तिथं म्युझियम आहे, एक ट्रस्ट चालवतो, सरकारी नाही. रोज उघडं नसतं आणि थंडीत बंद असतं, त्यामुळे निघायच्या आधी वेबसाइटवर बघून घ्या, नाहीतर गेट बघून परत याल.

पहिली गोष्ट म्हणजे लंडनच्या सायन्स म्युझियमसारखं काहीतरी डोक्यात ठेवून जाऊ नका. हे घर आहे. लाकडी जिना, डॉक्टरची अभ्यासिका, खिडकीतून दिसणारी बाग, बागेपलीकडे चर्च आणि त्याच्यामागे किल्ला. दोन तास पुरतात, पण आमच्यासारखे प्रत्येक पाटीजवळ थांबून भाषांतर करत बसलात तर तीन धरा.

आईला मी गाडीतच बॅकग्राउंड दिलं होतं. जेन्नर म्हणजे देवीची लस शोधणारा. आई म्हणाली "म्हणजे देवी काढायचा तो?" आणि मला एकदम क्लिक झालं की आपल्या भाषेत हे सगळं आधीच बसलेलं आहे. आपण आजाराला देवी म्हणतो, आजार झाला तर "देवी आल्या", आणि टोचायला माणूस आला तर "देवी काढायला आलेत". आणि लस हा शब्द तर बघा, आजी म्हणायची ना, जखम ओली आहे, लस येतीये. पिकलेल्या फोडातून जे पाणी झिरपतं ती लस. जेन्नरने १४ मे १७९६ ला सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरच्या गाईच्या देवीच्या (गाईपासून माणसाला लागणारा सौम्य आजार) फोडातून जे काढून जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या पोराच्या दंडावर घातलं ते अगदी शब्दशः लसच होतं. इंग्रजीत व्हॅक्सिन शब्द गाईवरून आला, लॅटिनमध्ये गाय म्हणजे व्हॅका. आपल्याकडं तो थेट फोडातून आला. मला वाटतं आपला शब्द जास्त प्रामाणिक आहे. थोडा घाण, पण प्रामाणिक.

आत गेल्यावर मला सगळ्यात काय आवडलं असेल तर लस येईपर्यंत जेन्नरने काय काय उद्योग केले ते बघायला मिळतं. शाळेच्या पुस्तकात कसं असतं, गवळण म्हणाली मला देवी येणार नाहीत कारण मला गाईच्या देवी आल्यात, आणि डॉक्टरच्या डोक्यात प्रकाश पडला, संपलं. असं काही नसतं हो. त्या गवळणीच्या गोष्टीवर तर इतिहासकारांचाच आता फार भरवसा नाही, जेन्नर गेल्यावर त्याचं चरित्र लिहिणाऱ्याने ती रंगवली असं म्हणतात. गाईच्या देवी झालेल्याला मोठ्या, म्हणजे माणसांच्या खऱ्या देवी येत नाहीत हे शेतकऱ्यांना माहीत होतंच. डॉर्सेटमधल्या बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने तर १७७४ मध्येच, म्हणजे जेन्नरच्या बावीस वर्षं आधी, साथ आली तेव्हा बायकोला आणि दोन मुलांना गाईच्या फोडातलं टोचलं होतं आणि गावाकडून वर शिव्या खाल्ल्या होत्या.

मग जेन्नरने काय केलं? त्याने ते तपासलं, लिहून काढलं आणि मग वीस-पंचवीस वर्षं त्याच्यामागे लागून राहिला, आणि माझ्या मते खरं काम तेच आहे. करिअर बघा ना त्याचं. पाच वर्षांचा असताना आईवडील दोघंही गेले. आठव्या वर्षी त्यालाच जुन्या पद्धतीने देवी टोचल्या, म्हणजे खऱ्या देवीच्या फोडातलं, त्यासाठी आधी उपाशी ठेवून, रक्त काढून, नंतर बाकीच्या पोरांबरोबर तबेल्यात कोंडून ठेवलं. ही पद्धत आपल्याकडं पण होती, टीकादार गावोगाव फिरायचे. त्यात शंभरातला एखाद-दुसरा दगावायचा, पण मोठ्या देवीत शंभरातले वीस-तीस जायचे म्हणून लोक तेही करायचे. तेराव्या-चौदाव्या वर्षी एका सर्जनकडं उमेदवारी. एकविसाव्या वर्षी लंडनला जॉन हंटरकडं, त्या काळचा सगळ्यात भारी सर्जन, त्याच्या घरीच राहून शिकला. तिथं असताना कॅप्टन कुक या दर्यावर्दीच्या पहिल्या सफरीतून आलेले प्राणी-वनस्पतींचे नमुने लावायचं काम मिळालं, दुसऱ्या सफरीला येतोस का म्हणून ऑफर पण आली, आणि हा गडी नाही म्हणाला आणि गावी परत आला!

इथं मी नवऱ्याकडं बघितलं आणि त्याने माझ्याकडं. कारण "गावी परत जाऊया का" हा आमच्या घरातला दर सहा महिन्यांनी येणारा विषय आहे, साधारण कॉन्ट्रॅक्ट संपायला आलं की येतो.

परत आल्यावर हा गावचा डॉक्टर झाला आणि फावल्या वेळात काय वाट्टेल ते केलं. हेजहॉग (अंगावर काटे असलेला छोटा प्राणी) हिवाळ्यात झोपतात तेव्हा त्यांच्या अंगाचं तापमान किती असतं ते मोजलं, आणि त्याबद्दल हंटरने त्याला पत्रात लिहिलं की नुसता विचार कशाला करतोस, प्रयोग करून बघ ना. (आमच्या लॅबमध्ये हे वाक्य भिंतीवर लावायला हवंय.) १७८४ मध्ये हायड्रोजन भरलेला फुगा किल्ल्यातून उडवला, तो जिथं पडला तिथल्याच घराण्यातल्या मुलीशी पुढं त्याचं लग्न झालं असं सांगतात. आणि कक्कू पक्षी! आपल्या कोकिळेचा भाऊबंद, तसाच दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारा. लोकांना वाटायचं की मोठा कक्कू येऊन घरमालकाची पिल्लं बाहेर फेकतो. जेन्नर तासन्‌तास घरट्यापाशी बसला आणि त्याने बघितलं की नुकतंच अंड्यातून आलेलं, डोळे पण न उघडलेलं कक्कूचं पिल्लूच पाठीवर अंडी उचलून बाहेर ढकलतं, आणि त्यासाठी त्याच्या पाठीला एक खोलगट जागा असते जी बाराएक दिवसांत भरून जाते. कित्येकांचा विश्वासच बसला नाही, पुढं विसाव्या शतकात फोटो निघाले तेव्हा तोंडं बंद झाली. तर जेन्नर रॉयल सोसायटीचा, म्हणजे इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांच्या नामांकित संस्थेचा, फेलो झाला तो १७८९ मध्ये, आणि तो या कक्कूमुळे, लसीचं तेव्हा नावही नव्हतं.

आईला हा भाग प्रचंड आवडला. ती म्हणाली "म्हणजे रिकामटेकडा नव्हता, बघणारा होता." मी हे वाक्य जपून ठेवलंय, पुढच्या ॲप्रेझलला वापरणार.

लसीचा पेपर मात्र त्याच रॉयल सोसायटीने नाकारला. एकाच पोराच्या दंडावरून एवढं मोठं बोलू नका, असा एकूण सूर. तसं बघायला गेलं तर रिव्ह्यूअरचं अगदीच चुकलं नव्हतं, एन इक्वल टु वन, म्हणजे एकाच माणसावरचा प्रयोग, घेऊन मी गेले तर मलाही दारातूनच परत पाठवतील (मला तर एन इक्वल टु बारा असताना पण एका जर्नलने परत पाठवलंय, असो, जखम ओली आहे). जेन्नरने काय केलं, अजून केसेस जमवल्या, अजून पोरांना टोचलं आणि १७९८ मध्ये स्वतःच्या पैशाने पुस्तक छापलं, तेवीस केसेस. त्यातली सोळावी केस सारा नेल्म्स आणि सतरावी जेम्स फिप्स. साराच्या हाताचं रंगीत चित्र आहे त्यात, काट्याने ओरखडलेल्या जागी फोड आलेत असं, ते मला आमच्या सगळ्या ग्राफपेक्षा जास्त पटतं.

फिप्सचं मात्र वाईट वाटतं. गाईची लस दिल्यावर सहा-सात आठवड्यांनी, १ जुलैला, जेन्नरने त्या पोराला खऱ्या देवी टोचल्या, हे बघायला की येतात का. आल्या नाहीत. पण आल्या असत्या तर? आज असला प्रपोजल घेऊन एथिक्स कमिटीपुढं उभं राहिलं तर ते आधी आपल्याला आणि मग आपल्या गाइडला बाहेर काढतील. म्हणजे अगदी बाजू घ्यायची तर त्या काळात पोरांना देवी टोचणं हे नेहमीचंच होतं, त्यामुळे त्याने काही भलतंच केलं असं नाही, पण माळ्याच्या पोराला विचारलं कोणी? पुढं जेन्नरने त्याला गावातच एक कॉटेज बिनभाड्याने राहायला दिलं, पूर्वी म्युझियम त्या कॉटेजमध्येच होतं. जेन्नर १८२३ मध्ये गेला तेव्हा फिप्स अंत्ययात्रेला होता.

ब्लॉसम नावाच्या गाईला विसरू नका. साराला जिच्यापासून लागण झाली ती ही. ग्लॉस्टर जातीची गाय, गडद तपकिरी, पाठीवरून शेपटीपर्यंत पांढरा पट्टा. तिचं शिंग इथं ठेवलंय, आणि कातडं लंडनला, जिथं जेन्नर शिकला त्या सेंट जॉर्जेसमध्ये. नवऱ्याला डाउट आला की हे शिंग तिचंच कशावरून, आणि खरंच आहे, ब्लॉसमची म्हणून सांगितली जाणारी शिंगं एका गाईला जरा जास्तच होतात. आई त्याला म्हणाली, "अहो जावईबापू, देवळात पादुका कुणाच्या म्हणून विचारता का तुम्ही?" विषय संपला. तिने शिंगाला नमस्कार केला, मी आजूबाजूला कोणी बघतंय का ते बघितलं आणि मग मी पण केला.

आता मेन गोष्ट. बागेत एक झोपडी आहे. गवताने शाकारलेली, भिंतींना ओबडधोबड लाकूड आणि साली लावलेल्या, नाव 'टेंपल ऑफ व्हॅक्सिनिया'. इथं बसून जेन्नर गावातल्या गोरगरिबांना फुकट टोचायचा. लसीचे अधिकार त्याने स्वतःकडे ठेवले नाहीत, ज्याने मागितली त्याला लस पाठवली, पत्रं लिहिली, त्यात प्रॅक्टिस बुडाली, शेवटी पार्लमेंटने १८०२ मध्ये दहा हजार पौंड आणि १८०७ मध्ये वीस हजार पौंड दिले. पण त्या झोपडीपाशी उभं राहिलं की पैसेबिसे आठवत नाहीत. गावच्या आरोग्य उपकेंद्राएवढीपण नाही हो ती.

तिथंच एक आजोबा व्हॉलंटियर होते, ते आम्हाला माहिती देत होते आणि आईने कार्डिगनची बाही वर केली. दंडावर दोन गोल वण, रुपयाच्या नाण्याएवढे, मधे जरा खोलगट. मी लहानपणापासून बघितलेत ते, कधी विचार केला नव्हता. आजोबा चष्मा काढून बघायला लागले आणि मग त्यांनी पण बाही वर केली, त्यांना एकच वण. दोघं एकमेकांचे दंड बघतायत, भाषा एकमेकांची येत नाही, आणि मधे मी ट्रान्सलेटर. आई सांगत होती की देवी डॉक्टर गावात आला की पोरं कणगीमागं लपायची, तिला कणगीतूनच ओढून काढलेलं, फिरकीसारखं काहीतरी दंडावर टेकवून गर्रकन फिरवायचे, मग ताप, मग फोड, मग खपली, आणि आजी म्हणायची खपली खाजवू नको, देवी कोपेल. कणगी इंग्रजीत कशी सांगायची ते मला जमलं नाही, मी बास्केट म्हटलं, आजोबांना वाटलं आई शॉपिंग बास्केटमध्ये लपलेली.

मी आईला तिथल्याच बाकावर बसून पुढची गोष्ट सांगितली, कारण ती आपली आहे. जेन्नरची लस भारतात पहिल्यांदा टोचली ती मुंबईत, १४ जून १८०२ ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. म्हणजे बर्कलीतल्या त्या पहिल्या टोचणीनंतर सहा वर्षांनी. फ्रीज नाही, काही नाही, वाळवलेली लस उन्हात फुकट जायची. ती व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा करत आली, आणि बसऱ्याहून पुढं जहाजावर दंडावरून दंडावर, एकाचा फोड पिकला की त्याच्यातून दुसऱ्याला, असं करत मुंबईला पोचली. ॲनाच्या दंडावरून अजून पाच पोरांना दिली, आणि तिथून ती पुण्याला, सुरतेला, हैदराबादला गेली. आई म्हणाली "विरजणासारखं." मी इतकी वर्षं हे लोकांना समजावतेय, आणि हा शब्द मला सुचला नव्हता.

गंमत म्हणजे जेन्नरला हे का चालतं ते काहीच माहीत नव्हतं. विषाणू म्हणजे काय ते माहीत नाही, अँटिबॉडी (रोगजंतूला चिकटणारी शरीरातली प्रथिनं) माहीत नाहीत, टी-सेल, बी-सेल या रोगाशी लढणाऱ्या पेशी तर विसाव्या शतकात, साठच्या दशकात कुठं वेगळ्या ओळखता आल्या. गाईच्या देवीचा विषाणू आणि मोठ्या देवीचा विषाणू एकाच गोत्रातले, त्यामुळे एकाला ओळखणाऱ्या पेशी दुसऱ्यालाही ओळखतात, एवढं साधं, पण ते कळायला दीडशे वर्षं लागली. आणि पुढं जगभर वापरली गेली त्या लसीतला विषाणू तपासला तर तो गाईपेक्षा घोड्याच्या देवीला जास्त जवळचा निघाला. जेन्नर म्हणतच होता की गाईला हे घोड्याकडून येतं! लोकांनी त्यावरून त्याला वेड्यात काढलं होतं.

एकदा भेटलेला रोग लक्षात ठेवणाऱ्या पेशींना स्मृतिपेशी म्हणतात, माझं काम त्यांच्यावरच आहे. देवीची लस घेतलेल्यांच्या रक्तात कित्येक दशकांनंतरही त्या पेशी सापडतात. त्या मोजायच्या म्हणजे रक्त आणायचं, पेशी वेगळ्या करायच्या, शहाण्णव खड्ड्यांच्या प्लेटमध्ये एकेक करून पिपेटने घालायचं, मशीनवर रात्री आठपर्यंत बसायचं आणि शेवटी स्क्रीनवर हजारो ठिपक्यांतला एक चिमुकला पुंजका दिसतो, तो मोजायचा. त्या पुंजक्यावर माझं कॉन्ट्रॅक्ट. आईला म्हटलं तुझ्या अंगात अजून आहेत त्या, १९६० च्या दशकातल्या. म्हणाली, "मग माझंच रक्त घ्यायचं ना, उंदरांना कशाला त्रास?"

चर्चमध्ये जाऊन या, घराला लागूनच आहे. जेन्नर तिथंच आत पुरलेला आहे, बायको आणि आईवडिलांजवळ. या चर्चचा मनोरा चर्चला चिकटलेला नाही, बाजूला वेगळाच उभा आहे. किल्ला वेगळ्या तिकिटाचा, तिथं १३२७ मध्ये दुसऱ्या एडवर्ड राजाला मारलं म्हणतात, आम्ही नाही गेलो, आईचे गुडघे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती बाहेर गाडीपाशी खाल्ली.

वरच्या मजल्यावर देवी जगातून कशा गेल्या तो भाग आहे. भारतातली शेवटची केस १९७५ ची, जगातली नैसर्गिकरीत्या झालेली शेवटची १९७७ ची, सोमालियात, अली माओ मालिन, हॉस्पिटलमध्ये स्वयंपाकी होता, वाचला. ८ मे १९८० ला जाहीर झालं की देवी संपल्या. म्हणून माझ्या दंडावर ते वण नाहीत, बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, एक आहे फक्त.

लहान मुलं घेऊन जात असाल तर कक्कू आणि गाय दाखवा, फिप्सची गोष्ट जरा जपून सांगा. वयस्कर माणसांना बागेत बसायला छान आहे. सायन्सवाल्यांनी तर जावंच, विशेषतः ग्रँट रिजेक्ट झाल्याच्या आठवड्यात.

आता अर्धा स्टार. फोनवरच्या मॅपने येताना आम्हाला हायवे सोडून अशा एका बोळात घातलं की समोरून गाईंचा कळप, मागं ट्रॅक्टर, आणि आमची गाडी कुंपणात. पंचवीस मिनिटं. आई काच खाली करून गाईंशी बोलत होती, मराठीत. तिने विचारलं की आता पण या लोकांच्या हाताला गाईच्या देवी येतात का? मी म्हटलं नाही गं, तो विषाणू मुळात उंदरा-घुशींसारख्या प्राण्यांमधला, आणि हल्ली इथं माणसाला लागण झालीच तर ती बहुतेक वेळा मांजरापासून होते.

हे सांगायला नको होतं. तेव्हापासून शेजाऱ्यांचं मांजर कुंपणावर आलं की आई खिडकी लावून घेते.